बेताच्या पैशांत चांगला तंबोरा



आपल्या घरातील मुलगी गाणे शिकू लागली म्हणजे पहिले वर्ष गाण्याच्या बाईंच्या तंबोऱ्यावर निघून जाते. दुसऱ्या वर्षी बाई एके दिवशी सहज सांगतात, "आता घरी तंबोरा हवा." हे ऐकताच मध्यम स्थितीतील गृहस्थापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पैसे किती लागतील, हा पहिला. त्या पैशांत मिळेल तो तंबोरा चांगला आहे की वाईट हे आपणास कसे कळावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुकानदार तत्काळ देतो. दुसऱ्याचे उत्तर मला फार उशिरा आणि बरीच किंमत मोजून मिळाले; ते आज आपणांपुढे ठेवावे असे योजिले आहे.

मी गवई नव्हे. माझा जन्म खडू-फळ्यात गेला आणि पदार्थविज्ञानाचे माझे ज्ञान मॅट्रिकपुरतेच आहे. तेव्हा मी सांगेन ते एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या गिऱ्हाइकास सांगितलेले, एवढ्याच मोलाचे समजावे.

सन 1994 मध्ये माझी मुलगी नऊ वर्षांची होती. तिच्यासाठी मी एका शहरातील दुकानातून नवा तंबोरा आणला. त्याच्या दांडीवर मोर होते, भोपळ्यावर वेलबुट्टी होती, आणि रोगण असे की त्यात तोंड दिसावे. दुकानदाराने तारांवरून बोट फिरविले, मी मान डोलविली आणि पैसे मोजले. घरी आणल्यावर तो काही केल्या लागेना. लावला तर दहा मिनिटांत उतरे. आणि लागलेला असतानाही त्यातून नुसता टणटण आवाज येई. मुलगी दोन वर्षे त्यापुढे बसली आणि पुढे एके दिवशी म्हणाली, "अण्णा, माझाच सूर लागत नाही." आम्ही ते खरे मानले, तिनेही मानले, आणि गाणे सुटले. बऱ्याच वर्षांनी मिरजेच्या एका वृद्ध कारागिराने तो तंबोरा हाती घेतला, डोळा बारीक करून दांडीच्या कडेने नजर टाकली आणि सांगितले, "मास्तर, दांडीला पीळ आहे. हा कोणाच्याच हातून लागला नसता." वाद्याचा दोष आम्ही लेकराच्या गळ्याला लावला होता, हे तेव्हा ध्यानात आले. म्हणून म्हणतो, तंबोऱ्याची पारख हा केवळ पैसे वाचविण्याचा प्रश्न नव्हे.

पारख करावयाची तर प्रथम हे वाद्य बोलते कसे ते समजून घेतले पाहिजे. तंबोऱ्याच्या बुडाशी भोपळा, त्याच्या तोंडावर बसविलेली लाकडी तबली, वर पोकळ दांडी आणि दांडीच्या टोकाशी चार खुंट्या. तबलीच्या मध्यावर घोडी असते आणि तिच्यावरून चार तारा जातात. पहिली तार पंचमात, रागात पंचम वर्ज्य असल्यास मध्यमात किंवा निषादात लावतात. मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, त्या पोलादी. आणि शेवटची खर्जाची, ती बहुधा पितळेची.

सारे मर्म आहे ते घोडीत. व्हायोलिनची घोडी पातळ आणि धारदार असते. तंबोऱ्याची रुंद असून तिचा माथा अगदी किंचित उताराचा, वर्तुळाच्या मोठ्या कमानीसारखा घासलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारास पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर झळाळून उठतात. या झळाळीस जवारी म्हणतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवितात. तो पुढेमागे करता करता एका नेमक्या जागी तार एकदम 'उघडते'. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूपाशी छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा स्तब्धबिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा युरोपातील शास्त्रज्ञांचा नियम होता. आपल्या तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचे कारण या रुंद, वक्र घोडीत आहे, असे त्यांनी दाखविले. खर्जाच्या तारेतून न लावलेला गांधार ऐकू येतो, तो याच उपस्वरांपैकी पाचवा. आपल्या गायकांनी त्यास स्वयंभू गांधार असे नाव दिले आहे.

आता यातून गिऱ्हाइकास उपयोगी असा एक नियम निघतो. आवाज घडतो तो घोडीत, तबलीत, भोपळ्यात आणि दांडीच्या सरळपणात. मोर, वेलबुट्टी, रंग आणि चकाकी यांचा आवाजाशी काडीचाही संबंध नाही. किमतीशी मात्र फार मोठा आहे. हाती पैसा बेताचा असेल तर कारागिरास स्पष्ट सांगावे की नक्षी नको, त्याऐवजी लाकूड जुने, मुरलेले घाला. जुन्या उंची वाद्यांवर हस्तिदंताचे किंवा सांबरशिंगाचे काम आढळते. त्यांचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, म्हणून नव्या वाद्यावर कोणी असे काही देऊ केल्यास हात जोडून परत फिरावे.

दुसरी गोष्ट मापाची. पुरुषांचा तंबोरा सुमारे पाच फूट लांब आणि मोठ्या भोपळ्याचा असतो. तो साधारणतः काळी एक, काळी दोन अशा स्वरांत शोभतो. बायकांचा त्याहून लहान; तो काळी तीनपासून काळी पाचपर्यंत चांगला बोलतो. मोठा तंबोरा ओढून वर चढविला की तारा तुटतात. लहान तंबोरा खाली उतरविला की तारा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात. म्हणून गाणाऱ्याची पट्टी गुरूंकडून कागदावर लिहून घ्यावी आणि मगच घराबाहेर पडावे. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर आवाज फुटेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. आज घेतलेले माप दोन वर्षांनी निरुपयोगी ठरते.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष तपासणीची. माझा क्रम असा आहे. आधी तंबोरा वाजवू नये, पाहावा. खुंट्यांच्या टोकाकडून घोडीकडे एका डोळ्याने नजर टाकावी. दांडी पाटीच्या कडेसारखी सरळ दिसली पाहिजे. दांडी आणि भोपळा जेथे मिळतात त्या गळ्याच्या सांध्यावरून नख फिरवावे. फट लागली तर तेथेच थांबावे. घोडीखालची तबली आत दबलेली नसावी. भोपळ्यावर बोटाने टिचकी मारीत सर्व बाजूंनी फिरावे. आवाज एकाच ठिकाणी फुटका आला तर तेथे चीर आहे, आणि बारीक छिद्रांतून पिठासारखा भुगा येत असेल तर आत कीड आहे. त्यानंतर खुंट्या फिरवून पाहाव्या. त्या हळुवार फिराव्यात आणि सोडल्या त्या जागी राहाव्यात. नुसती सैल खुंटी हा मोठा दोष नव्हे. तिला थोडा खडू चोळला की ती धरते. आमच्या धंद्यातील वस्तूचा संगीतास झालेला हा एक उपयोग!

मग वाजवावा, परंतु दुकानातील पट्टीत नव्हे, आपल्या पट्टीत लावून. चारही तारा एकदम ऐकू नयेत, कारण चौघांच्या गलबल्यात एकाचा मुकेपणा लपतो. एकेक तार छेडून तिचा नाद संपेपर्यंत गप्प बसावे. एक तार लांबवर चालत असून दुसरी लगेच विझत असेल तर कारण विचारावे. दोरा काढून टाकून, पुन्हा सरकवून, जवारी किती सहज उघडते ते पाहावे. शेवटी दुसरा तंबोरा शेजारी ठेवून त्याच पट्टीत लावावा, आपण पाठ फिरवावी आणि कोणास तरी आळीपाळीने वाजविण्यास सांगावे. डोळे मिटल्यावर मोर दिसत नाहीत, आणि पारख आपोआप शुद्ध होते.

हे सारे कोठे करावे? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर एकच, मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या घडणीस आरंभ केला. शिकलगारांचा परंपरागत धंदा तलवारींना धार लावण्याचा. संस्थानांच्या लढाया संपल्या, शस्त्रांचे गिऱ्हाईक आटले, आणि पोलाद घासणारे हात घोडी घासू लागले. त्यांच्या वंशजांपैकी कित्येक घराणी आज सतारमेकर याच आडनावाने ओळखली जातात. भोपळे येतात ते पंढरपूर आणि सोलापूरकडच्या मुलखातून. लाकूड बहुधा तुणाचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे 1937 साली निवर्तले. त्यांचे वास्तव्य मिरजेस होते आणि वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा स्वतःचा हात मोठा कुशल होता. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मानांकन हे गावाचे असते, प्रत्येक नगाचे नव्हे. कारागिराच्या घरीही वरील तपासणी सोडू नये. चांगला कारागीर तिने रागावत नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे असे पाहून आतल्या खोलीतून दुसरा नग बाहेर काढतो.

तरीही नवा परवडत नसेल तर जुना घ्यावा, आणि येथेच बेताच्या पैशाचे खरे भाग्य आहे. जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरून, आजीबाईंच्या खोल्यांतून गवसणीत गुंडाळलेले तंबोरे अजून उभे असतात. त्यांचे लाकूड मुरलेले असते. धूळ, गंजलेल्या तारा, हरवलेले मणी, उडालेले रोगण, यांस भिऊ नये. हे सर्व थोड्या खर्चात होते. आवाज बद्द येतो म्हणूनही नाकारू नये. वापराने तारेखाली घोडीवर चर पडतात आणि जवारी मिटते. कारागिराने घोडी पुन्हा घासली की तोच तंबोरा बोलू लागतो. भिण्यासारख्या गोष्टी तीनच: पिळलेली दांडी, सुटलेला गळा आणि दबलेली तबली. यांपैकी एक जरी असली तर फुकट मिळणारा तंबोराही महाग पडतो. किंमत ठरविताना हाती असलेल्या रकमेचा दहावा हिस्सा बाजूस ठेवावा. जवारी, नव्या तारा आणि जाड गवसणी यांस तो लागतो. जवारी हे एकदाचे काम नव्हे. नियमाने वाजणाऱ्या तंबोऱ्यास ती अधूनमधून करावी लागतेच.

आणलेला तंबोरा सांभाळणे हेही खरेदीचेच अंग आहे. प्रवासात तारा थोड्या सैल कराव्यात आणि भोपळा अंगाशी धरावा. आगगाडीच्या फळीवर तो कधीही टाकू नये. घरी उन्हाच्या तिरपेपासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवावा. पोरासोरांच्या वाटेवर उभा करण्यापेक्षा कोपऱ्यात आडवा ठेवलेला बरा.

कोणी विचारील, आता विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी मिळते, खिशातल्या फोनमध्येही तंबोरा वाजतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? या साधनांस मी नावे ठेवीत नाही. प्रवासात, लहान बिऱ्हाडात, तार तुटल्या दिवशी त्यांचा उपकार मोठा. परंतु पेटीचा सूर आयता लागलेला येतो. तंबोरा आपणास लावावा लागतो. रोज दहा मिनिटे खुंटी आणि मणी फिरविताना दोन जोडाच्या तारा एक केव्हा झाल्या हे कानास ओळखावे लागते, आणि तो कानाचा धडा कोणत्याही पाठांतराहून मोलाचा आहे. मुलास उत्तर फळ्यावर लिहून देणे आणि त्याच्याकडून गणित सोडवून घेणे यांत जे अंतर, तेच येथे.

गेल्या वर्षी माझी नात दहा वर्षांची झाली, आणि तिच्यासाठी मी पुन्हा तंबोरा शोधू लागलो. या खेपेस घेतला तो जुना, बिननक्षीचा, एका बाजूस रंग उडालेला. मिरजेस नेऊन जवारी करून आणला. सायंकाळी नात तो लावीत असता तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराशी उभी राहून ऐकू लागली. थोड्या वेळाने खाली बसली आणि हळूच षड्ज लावला. तो लागला.

मी काही बोललो नाही. वर्तमानपत्र उलटे धरून वाचीत बसलो. नवा तंबोरा घेताना त्या 1994 च्या दुकानात मी पाच मिनिटे अधिक घालविली असती, दांडीच्या कडेने एकदा नजर टाकली असती, तर मधली वर्षे कशी गेली असती, हा हिशेब माझा मला करावयाचा आहे. आपणावर तो करण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हे चार शब्द सांगितले.