आजाऱ्यांची भेट आणि जुलाब-उलट्यांची साथ

पावसाळ्यात विहिरींत गढूळ पाणी उतरते, फुटक्या जलवाहिनीत सांडपाणी शिरते आणि वसई-विरार परिसरात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गीयां-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व नोरोव्हायरस आढळले आणि संशय पाण्यावर गेला. पाण्याचा दोष आपल्या चटकन ध्यानी येतो. रोग इस्पितळाच्या आत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत कसा पोहोचतो, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही माणसाला आजारी पाडण्यास पुरेसे असतात. उलटीचे तुषार खाटेच्या कठड्यावर, दाराच्या मुठीवर, नळावर बसतात. तेथून ते हाताने तोंडापर्यंत जातात. रुग्णास बरे वाटू लागल्यानंतरही कित्येक दिवस त्याच्या शौचातून विषाणू बाहेर पडत असतो. कोविडच्या काळात सॅनिटायझरची सवय आपल्या अंगवळणी पडली. परंतु या विषाणूपुढे ते फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच येथे खरा उपाय.

म्हणून अशा रुग्णांना वेगळ्या खोलीत किंवा एकत्र एका बाजूस ठेवतात, त्यांचे शौचालय निराळे राखतात, फरशी व कठडे क्लोरीनच्या द्रावणाने पुसतात. परिचारिका वा स्वयंपाकी स्वतः आजारी पडल्यास उलट्या-जुलाब थांबल्यावर आणखी 48 तास त्यांनी कामावर येऊ नये, असा दंडक आहे. तोच दंडक भेटीस जाणाऱ्यांनाही लागू पडतो, आणि अडचण नेमकी येथेच आहे.

आजाऱ्यांस भेटणे हे दयेचे कृत्य होय, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून शिकत आलो आहोत. आपल्याकडे कोणी इस्पितळात दाखल झाले की अवघी आळी लोटते. पेजेचा डबा येतो, मुलेही येतात, कोणी खाटेवर टेकते, कोणी रुग्णाचेच शौचालय वापरते. साथीच्या दिवसांत एकाच नातेवाइकाने जावे; बाकीच्यांनी घरी राहून प्रार्थना करावी. कोणी आले नाही म्हणून रुसवा धरू नये, हे आम्हांला औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते. आजाऱ्यांना कम्युनियन देणाऱ्यांनी प्रत्येक रुग्णाच्या आधी व नंतर साबणाने हात धुवावेत. ज्या संत कॅमिलस यांचा सण ऐन पावसाळ्यात, 14 जुलैला येतो, त्या इस्पितळांच्या आश्रयदात्यांनी रोग्यांची सेवा हेच आपल्या संघाचे व्रत ठरविले होते.

अनेक रुग्णांना तर दाखल करण्याची गरजच पडत नाही. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याचा मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आणला. मूल सुस्त झाले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडले किंवा पाणी पोटात ठरेना, तर मात्र विनाविलंब डॉक्टर गाठावा. एरवी ओआरएसची एक लिटरची पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करावी, घोट-घोट पाजावी आणि 24 तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.