दुसऱ्या पायरीचे मानकरी

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्या घराघरांतून पहिला प्रश्न निघतो तो ‘कितवा आला?’ हाच. पहिला आला असल्यास पेढे वांटले जातात; दुसरा आला तर ‘थोडक्यांत हुकलें’ असा उसासा निघतो; आणि ‘दुसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झाला’ असें कोणी म्हणालें कीं, वडील मंडळी सांत्वनाच्या सुरांत बोलूं लागतात. ज्याचें आयुष्य शाळामास्तरकींत गेलें त्यास हा अनुभव नवा नाहीं. वस्तुतः व्याकरणकारांनीं पहिली विभक्ति कर्त्यास दिली, तर दुसरी कर्मास दिली; आणि कर्मावांचून कर्त्याची कर्तबगारी ती कोणती? परंतु व्यवहारांत ‘दुसरा’ या शब्दास जो उणेपणा चिकटला आहे तो कांहीं केल्या सुटत नाहीं.

आज ज्या स्पर्धेची हकीकत वाचकांस सादर करावयाची आहे ती अशीच दुसऱ्या वर्गाची. खेळ म्हणजे इनलाइन हॉकी. आणि स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघानें चालविलेल्या त्या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाचा दुय्यम विभाग. त्याचें नांव ‘डिव्हिजन वन’. नांवांत एक आणि स्थान मात्र दुसरें, हें पहिलें नवल! दुसरें नवल असें कीं, या दुय्यम विभागांत जें मिळे तें वरच्या विभागांतील बड्या संघांस मिळणें शक्य नव्हतें. तें कोणतें, हें पुढें येईलच. आधीं खेळाची ओळख करून घेऊं.

या खेळाचें सारें मर्म पायांत आहे. बर्फावर घसरण्याच्या पोलादी पात्यांऐवजीं बुटांच्या तळाशीं चाकें लावावीं, ही कल्पना फार जुनी आहे. अठराव्या शतकांत लंडनमध्यें मर्लिन नांवाचा एक कल्पक कारागीर होता. हा मूळचा आजच्या बेल्जममधला. घड्याळें, वाद्यें व नानाविध यंत्रें बनविण्यांत त्याचा हातखंडा असे. स्वतः तयार केलेलीं चाकांचीं पादत्राणें चढवून तो एका समारंभांत व्हायोलिन वाजवीत शिरला, आणि थांबतां किंवा वळतां न आल्यामुळें एका मूल्यवान आरशावर जाऊन आदळला, अशी कथा सांगतात. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलें आणि मर्लिनही जबर जखमी झाला. पुढें १८१९ सालीं पॅरिसमध्यें पेतिब्लेद यानें एका ओळींत चाकें बसविलेल्या स्केटचें पेटंट घेतलें; १८२३ सालीं लंडनच्या टायर्स यानें पांच चाकांचा ‘रोलिटो’ पुढें आणला. तरीही मर्लिनची अडचण पुरती दूर झाली नाहीं. अखेर १८६३ सालीं न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यानें पुढें दोन व मागें दोन अशीं चार चाकें रबरी गादीवर बसविलीं. अंग कलवलें कीं स्केट वळूं लागला, आणि एका ओळीच्या चाकांस त्यानंतर शंभर वर्षें फारसें कोणी विचारलें नाहीं.

त्यांचें पुनरुज्जीवन झालें तें हॉकीमुळेंच. अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत हिंवाळा कडक. तेथील मुलें बर्फावरील हॉकींतच वाढतात. परंतु उन्हाळ्यांत सराव कसा करावयाचा? १९८० च्या सुमारास स्कॉट व ब्रेनन ओल्सन या दोघां हॉकीपटु भावांच्या दृष्टीस एका ओळींत चाकें असलेला एक जुना स्केट पडला. त्यांनीं हॉकीच्या बुटास पॉलियुरेथेनचीं चाकें तशींच ओळीनें बसविलीं, आणि ‘रोलरब्लेड’ जन्मास आलें. जुन्या कल्पनेस नवें द्रव्य मिळालें म्हणजे ती कशी चालूं लागते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

या चाकांवर खेळली जाणारी हॉकी ही बर्फावरील हॉकीची धाकटी बहीण. आपल्या मैदानी हॉकीशीं तिचें नातें दूरचें. भोंवतीं कठडा असलेलें गुळगुळीत पटांगण. प्रत्येक बाजूस चार खेळाडू व एक गोलरक्षक. बर्फावर गोलरक्षकाखेरीज पांच खेळाडू असतात, तेव्हां येथें एक गडी कमी. चेंडूऐवजीं चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. बर्फावरील पक कठीण रबराचा, १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा; तो उसळूं नये म्हणून सामन्यापूर्वीं गोठवून ठेवतात. चाकांच्या हॉकींतील पक हलक्या प्लास्टिकचा असून त्याच्या दोन्ही अंगांस बारीक गुंड्या असतात, त्यांच्यावर तो घसरतो. बर्फावरील पटांगणाचे भाग पाडणाऱ्या निळ्या रेषा येथें नाहींत, आणि प्रतिपक्ष्यास अंगाची धडक देऊन पाडण्यास मनाई आहे. आइस हॉकी महासंघाच्या नियमांप्रमाणें सामना बारा बारा मिनिटांच्या चार भागांचा असे.

या लहानसहान फरकांनीं खेळाचा स्वभावच पालटतो. गडी कमी, जागा मोकळी आणि धक्काबुक्की वर्ज्य; तेव्हां दांडगाईपेक्षां बुद्धीस अधिक वाव. पक ताब्यांत असलेला संघ घाई करीत नाहीं. वाट बंद दिसली कीं तो मागें वळतो, आपल्याच गोलाकडे जाऊन पुन्हां जुळणी करतो आणि प्रतिपक्ष्याची चूक होईपर्यंत थांबतो. पायांचीही निराळी कसोटी लागते. बर्फावर पातें आडवें केलें कीं तें बर्फ खरवडून तत्काळ थांबतें. चाकें जमिनीस धरून बसतात, म्हणून वेग आवरण्याची कला नव्यानें शिकावी लागते. चाकें मऊ असलीं तर पकड चांगली पण वेग कमी. कठीण असलीं तर वेग मिळतो पण पाय निसटतो. आपल्या वजनास व त्या दिवसाच्या जमिनीस कोणतीं चाकें मानवतील, याचा विचार खेळाडू सामन्यापूर्वीं बारकाईनें करतो.

१९९० नंतर हा खेळ अमेरिकेंत झपाट्यानें पसरला. १९९३ सालीं तेथें धंदेवाईक संघांची एक स्वतंत्र साखळी स्पर्धाही सुरू झाली. १९९५ सालीं चाकांवरील खेळांच्या जागतिक महासंघानें शिकागो येथें पहिलें अजिंक्यपद भरविलें. आणि पुढच्याच वर्षीं, १९९६ सालीं, आइस हॉकी महासंघानें मिनियापोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांत आपलें निराळें अजिंक्यपद मांडलें. एका खेळास दोन जगज्जेते होऊं लागले! भाऊ विभक्त झाले म्हणजे देव्हाऱ्यांतले देवही वांटून घेतात, त्यांतलाच हा प्रकार.

आइस हॉकी महासंघानें पुढें आपल्या स्पर्धेचे दोन विभाग केले: वरच्यांत आठ संघ, खालच्यांत आठ. वरच्या विभागांत अमेरिका, कॅनडा, फिनलंड, स्वीडन, चेक प्रजासत्ताक अशीं बर्फाच्या राज्यांतील बडीं घराणीं. खालच्या विभागांत वेळोवेळीं ब्रिटन, हंगेरी, क्रोएशिया, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना, ब्राझील इत्यादि देश दिसत. या यादीकडे नकाशा उघडून पाहावें. ब्राझील किंवा अर्जेंटिना येथील मुलास बर्फाचें पटांगण मिळणें किती कठीण! स्वीडनच्या खेळाडूस चाकें हा उन्हाळ्याचा विरंगुळा. ब्राझीलच्या खेळाडूस तीच हॉकीची मुख्य वाट. एकास जी फावल्या वेळची गोष्ट, तीच दुसऱ्याचें सर्वस्व होती.

आतां त्या दुसऱ्या नवलाकडे वळूं. बहुतेक खेळांत दुय्यम स्पर्धा निराळ्या गांवीं, निराळ्या महिन्यांत होते, आणि तिचा विजेता पुढील वर्षापर्यंत वाट पाहत बसतो. येथें मात्र दोन्ही विभाग सामान्यतः एकाच ठिकाणीं, एकाच आठवड्यांत खेळत. २०१० सालीं स्वीडनमधील कार्लस्टाड, २०११ सालीं चेक प्रजासत्ताकांतील पार्डुबिस, २०१२ सालीं जर्मनींतील इंगोलस्टाड, २०१३ सालीं ड्रेस्डेन, अशी ही यात्रा चाले. प्रत्येक विभागांत चार चार संघांचे दोन गट पाडीत. गटांतील सामने आटोपले कीं, अनेक वर्षीं अशी योजना असे: वरच्या विभागांतील दोन गटांत तळाशीं राहिलेले दोन संघ आणि खालच्या विभागांतील दोन गटांत अग्रस्थानीं आलेले दोन संघ समोरासमोर उभे करावयाचे. जो जिंकेल त्यानें जागतिक अजिंक्यपदाच्या उपांत्यपूर्व फेरींत जावें. जो हरेल त्यानें दुय्यम विभागाच्या उपांत्यपूर्व फेरींत उतरावें.

या योजनेचें मर्म ध्यानांत घ्या. सोमवारीं ज्यास कोणी ओळखत नाहीं, तो दुसऱ्या वर्गाचा संघ त्याच आठवड्याच्या उत्तरार्धांत जगज्जेत्यांच्या पंगतीस बसूं शके. त्यासाठीं अठ्ठेचाळीस मिनिटांचा एकच सामना जिंकावयाचा! वरच्या संघास या सामन्यांत गमावण्यासारखें बरेंच, कमावण्यासारखें थोडें. खालच्या संघास याच्या अगदीं उलट. वर सांगितलेली बड्यांस न मिळणारी गोष्ट ती हीच: चढण्याचा आनंद. जो शिखरावरच राहतो त्यास टिकून राहण्याची चिंता असते. पायरी चढल्याचें सुख खालून येणाऱ्यासच कळतें. उलट दुय्यम विभागांत जो तळाशीं राही त्यास तेथूनही खालीं उतरून पात्रता सामन्यांतून पुन्हां वर यावें लागे. म्हणजे मधल्या पायरीवर उभ्या असलेल्यास वरचा लोभ आणि खालचें भय, दोन्ही एकाच वेळीं अनुभवावीं लागत.

हें सर्व करणारे खेळाडू बहुधा धंदेवाईक नव्हेत. पोटासाठीं निराळा उद्योग, संध्याकाळीं सराव, वर्षाची साठविलेली रजा या एका आठवड्यासाठीं खर्च, आणि कित्येकांस प्रवासखर्चाची तजवीजही पदरची. विजयानंतर त्यांच्या गांवीं मिरवणूक निघत नसे, कीं वर्तमानपत्रांत ठळक मथळा येत नसे. तरी ते येत. कारण अंगावर देशाचें नांव असलेला सदरा घालून आपल्याहून बलवानाशीं झुंजण्याची संधि त्यांस दुसरीकडे दुर्मिळ होती.

आणि हीच संधि पुढें बंद झाली. आधीं वार्षिक असलेली ही स्पर्धा नंतर एक वर्षाआड होऊं लागली. २०१५ सालीं फिनलंडमधील टांपेरे व २०१७ सालीं स्लोव्हाकियांतील ब्राटिस्लाव्हा येथें ती झाली, आणि २०१९ सालीं आइस हॉकी महासंघानें या खेळाची सूत्रें आपण सोडीत असल्याचें जाहीर केलें. खेळ संपला असें नव्हे. चाकांवरील खेळांचा महासंघ २०१७ सालीं ‘वर्ल्ड स्केट’ या नव्या नांवानें उभा राहिला असून, त्याच्या आश्रयाखालीं इनलाइन हॉकीचें जागतिक अजिंक्यपद चालूं आहे. २०२२ सालीं अर्जेंटिनांत व २०२४ सालीं इटलींत झालेल्या त्याच्या महोत्सवांत हा खेळ होता. विभक्त झालेल्या दोन देव्हाऱ्यांपैकीं एकच उरला, हें एका अर्थीं बरेंच झालें. परंतु आठ वर आणि आठ खालीं अशी ती शिडी, आणि तिच्यावरून एका आठवड्यांत चढण्याची ती वाट, इतिहासजमा झाली. तिचा बंद होणें बर्फाच्या देशांस फारसें जाणवलें नसेल, कारण त्यांचें मुख्य घर शाबूत आहे. झळ लागली ती ज्यांस हेंच घर होतें त्यांस.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, कोणत्याही संस्थेची, मग ती क्रीडासंस्था असो, शाळा असो वा कुटुंब असो, परीक्षा तिच्या शिखरावरून करूं नये. तिच्या दुसऱ्या पायरीवरून करावी. शिखरावरच्यांची काळजी जगच घेतें. दुसऱ्या पायरीवरील मनुष्यास वर जाण्याची वाट मोकळी आहे कीं नाहीं, आणि ती चढतांना त्यास कोणी हात देतो कीं नाहीं, यावर संस्थेचें खरें मोठेपण ठरतें.

आपल्याकडेही हा खेळ अपरिचित राहिलेला नाहीं. भारतांत रोलर स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांतून इनलाइन हॉकी खेळली जाते, आणि पुण्यामुंबईकडील वसाहतींच्या अंगणांतून संध्याकाळीं चाकांवर धांवणारीं मुलें सर्वांनीं पाहिलीं असतील. घरांतील एखाद्या नातवानें किंवा नातीनें असा हट्ट धरला तर वडीलधाऱ्यांनीं तो अवश्य पुरवावा. मात्र शिरस्त्राण, तसेंच गुडघे, कोपरें व मनगटें यांचीं संरक्षक आवरणें घातल्याखेरीज पाऊल टाकूं देऊं नये; मर्लिनचा आरसा विसरूं नये. आणि सामना खेळून मूल घरीं आलें म्हणजे ‘कितवा आलास?’ असें विचारण्याऐवजीं ‘आज नवें काय साधलें?’ असें विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर देतांना दुसऱ्या क्रमांकाच्या मुलासही मान खालीं घालावी लागत नाहीं.