काळे आधी की कावळे? वैयक्तिक संकेतस्थळासाठी सर्व्हर-भाषेची निवड

संकेतस्थळाचे पान वाचकापर्यंत दोन प्रकारे पोहोचते. काही पाने आधीच लिहून तयार असतात. सर्व्हर ती मागणाऱ्याला जशीच्या तशी देतो. काही पाने मागणी आल्यावर तयार होतात: सर्व्हरवरचा प्रोग्राम डेटाबेसमध्ये शोध घेतो, उत्तर जुळवतो आणि पान रचून पाठवतो. पीएचपी, पायथन, रूबी, जावास्क्रिप्ट, गो यांपैकी कोणती भाषा घ्यावी, हा प्रश्न फक्त या दुसऱ्या प्रकारात उभा राहतो.

वाराणसीतल्या मराठी घराचे उदाहरण घेतले की हा फरक स्पष्ट होतो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नागरी लिपीच्या प्रसाराशीही या शहराचे नाते जुने आहे. नागरीप्रचारिणी सभा १८९३ मध्ये इथेच स्थापन झाली, आणि इथल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादन बाबूराव विष्णु पराडकर या मराठी संपादकाने दीर्घकाळ केले. अशा शहरातल्या एखाद्या घराला संकेतस्थळावर घराण्याचा इतिहास, घाटांची छायाचित्रे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी माहिती एवढेच मांडायचे असेल, तर सर्व्हरवर कोणतीही भाषा चालवण्याची गरज नाही. जेकिल किंवा ह्यूगोसारखे साधन घरच्या संगणकावर चालवून पाने तयार करावीत आणि सर्व्हरवर चढवावीत. प्रोग्रामच नसल्याने त्यात शिरकाव करण्याची वाट उरत नाही, आणि अशी पाने वर्षानुवर्षे हात न लावता टिकतात. बहुतेक वैयक्तिक संकेतस्थळांना एवढे पुरते. तरीही हा पर्याय विचारात न घेताच अनेक जण भाषांच्या तुलनेत शिरतात.

भाषा लागते ती शोध, नोंदणी किंवा पत्रव्यवहार आला की. समजा, त्याच घराकडे तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्या आहेत, त्यांत गाव आणि आडनावांनुसार यजमानांच्या नोंदी आहेत, आणि आडनावांची सूची यात्रेकरूंना शोधता यावी अशी इच्छा आहे. इथे पहिली कसोटी देवनागरीची लागते, आणि मराठी संकेतस्थळासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

देवनागरी मजकूर आज यूटीएफ-८ पद्धतीने साठवला जातो. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘काशी’ या शब्दात क, काना, श आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. वाचणाऱ्याला मात्र अक्षरे दोनच दिसतात. या शब्दाची लांबी विचारली तर पीएचपीचे नेहमीचे फंक्शन बारा सांगते, गोसुद्धा बाराच. पायथन आणि जावास्क्रिप्ट चार सांगतात. नोंद पहिल्या दहा बाइटांवर कापली तर वेलांटीचा तुकडा पडतो आणि पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. पीएचपीत यासाठी ‘एमबी’ने सुरू होणारी वेगळी फंक्शने आहेत, आणि ‘इंटल’ हा जोड बसवला तर वाचकाला दिसणारी दोन अक्षरे मोजणारे फंक्शनही मिळते. संपूर्ण युनिकोडवर उभी राहणारी पीएचपी-६ आवृत्ती घडवण्याचा प्रयत्न २०१० मध्ये सोडून देण्यात आला, त्यामुळे ही काळजी अजूनही प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते.

लांबीपेक्षा क्रमवारी अवघड. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. हा तक्ता भारतीय लिप्यांसाठी एकत्र आखलेल्या १९८८ च्या ‘इस्की’ मानकावरून घेतला गेला. परिणाम असा, की चिन्हांकांवरून लावलेली सूची कालेलकर, काळे, कावळे, काशीकर अशी येते. मराठी क्रम हवा तर कालेलकर, कावळे, काशीकर आणि शेवटी काळे. कोशात नाव शोधायची सवय असलेल्या माणसाला पहिली सूची चुकीचीच वाटेल, आणि ती चुकीची आहेच. यावर उपाय ‘आयसीयू’ या युनिकोड-फंक्शनांच्या संग्रहात असतो. पीएचपीत तो ‘इंटल’मार्फत मिळतो, जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणाऱ्या नोडमध्ये १३ व्या आवृत्तीपासून सर्व भाषांसह अंगभूत आहे, पायथनला स्वतंत्रपणे जोडावा लागतो. तिन्ही ठिकाणी मराठीचे नियम स्पष्टपणे मागावे लागतात. काळे-कावळे ही जोडी घालून निकाल पाहिला की काम झाले की नाही ते लगेच कळते.

आणखी एक खाच शोधात आहे. ‘गोऱ्हे’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी आडनावे वाटतात. नोंद साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे एका साच्यात आणणे हे काम कोणतीही भाषा आपणहून करत नाही.

यानंतर प्रश्न येतो सर्व्हरच्या भाड्याचा आणि देखभालीचा. पीएचपी रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वैयक्तिक पानासाठीच लिहायला घेतली आणि १९९५ मध्ये ती जाहीर केली. स्वस्त सामायिक होस्टिंगमध्ये ती हमखास मिळते. फाइल चढवली की पान चालू होते. वर्डप्रेस याच भाषेत आहे, त्यामुळे दुरुस्ती करणारा माणूस वाराणसीत मिळतो तसा नागपुरातही मिळतो. पायथनची रचना अधिक सुबोध आहे, आणि एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेली, २००५ मध्ये खुली झालेली जँगो ही चौकट नोंदी भरण्याचे तयार पडदे देते. वह्यांच्या कामाला ते फार सोयीचे. मात्र त्यासाठी प्रोग्राम सतत चालू ठेवणारा सर्व्हर लागतो आणि तो सांभाळावा लागतो. नोडचेही तसेच. गो वेगवान आहे, पण घरगुती सूचीसाठी तिचा वेग उपयोगाला येत नाही. मुंबईतल्या सर्व्हरपर्यंतचे सुमारे साडेबाराशे किलोमीटर अंतर कापून परत यायला फायबरमधल्या प्रकाशालाच बारा मिलिसेकंद लागतात, आणि घाटाचे एक न आवळलेले छायाचित्र उतरायला त्याच्या कित्येक पट वेळ जातो.

आवृत्त्यांचे आयुष्यही आधीच पाहावे. पायथन-२ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, पीएचपी ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये. आधार संपलेल्या आवृत्तीत सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी मूळ गट बुजवत नाही, आणि लोकांची नावगावे असलेल्या सूचीबाबत हा धोका पत्करू नये.

म्हणून अशा घरासाठी निवड अशी असावी: लेख आणि चित्रे तयार पानांत ठेवावीत, शोधापुरती पीएचपी, ‘इंटल’ आणि ‘एमबी’ हे दोन्ही जोड असलेल्या होस्टिंगवर घ्यावी, घरात पायथन जाणणारा आणि सर्व्हर सांभाळायला तयार असा कोणी असेल तरच जँगो घ्यावे. होस्टिंगचे पैसे भरण्याआधी हे दोन जोड मिळतात का, एवढे पुरवठादाराला लेखी विचारून घ्यावे.