एका रुपयाचे सहा एस्कुदो



तलासरीकडून अच्छाड ओलांडले की महाराष्ट्राची हद्द संपते. पुढे भिलाड, मग वापी. वापीच्या डाव्या हाताला दमण, उजव्या हाताला दादरा आणि नगरहवेली. आज या साऱ्या वाटेवर एकच रुपया चालतो. पण नगरहवेलीत १९५४ पर्यंत आणि दमणात १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. राज्य निराळे, तसे नाणेही निराळे. एका राज्याचे नाणे दुसऱ्याच्या बाजारात किती मोलाला घ्यायचे, या दराला जुने लोक हुंडणावळीचा दर म्हणत. तो ठरतो कसा, हे आज आपण पाहू.

पूर्वी ही गोष्ट सोपी होती. नाणे चांदीचे असे. सराफ ते तराजूत टाकी, कस पाही आणि मोल सांगे. नाण्यावर राजा कोणता, याला फारसे महत्त्व नसे. इंग्रजी अमलातला रुपया एक तोळा वजनाचा होता आणि त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याप्रमाणे पोर्तुगीजांची ‘रुपिया’ रुपयाच्याच वजनाची आणि कसाची पाडावी असे ठरले. १८८१ आणि १८८२ सालची ती नाणी इंग्रजांच्या टांकसाळीत पाडली. एकावर व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्यावर लुईश राजा. चांदी मात्र सारखीच. मग बट्टा कशाचा द्यायचा? आपल्या रुपयाचे सोळा आणे, तसे रुपियाचे सोळा तांगा. हा तह १८९२ साली संपला. त्यातच मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेल्यामुळे गोव्याच्या मिठागरांचे नुकसान झाले होते, हेही विसरता कामा नये. नाणे एक झाले म्हणून सर्वांचे हित एक झाले, असे होत नाही.

पुढे नोटांचा जमाना आला. कागद तोलून काय कळणार? तेव्हा सरकारच्या शब्दावर दर ठरू लागले. १९५९ च्या आरंभी पोर्तुगीजांनी रुपिया बंद करून आपल्या देशातला एस्कुदो येथे आणला आणि एका रुपियाचे सहा एस्कुदो असा दर लावला.

आता विचाराल, सहाच का? पाच का नाही? शिक्षकमित्रांनो, हे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे. त्या काळी अमेरिकेच्या एका डॉलरला २८.७५ एस्कुदो पडत. आपला रुपया १९४९ साली उतरवल्यापासून त्याच डॉलरला ४.७६ रुपये पडत. २८.७५ ला ४.७६ ने भागा. उत्तर सहाच्या किंचित वर येते. दोन शेतांची लांबी एकाच काठीने मोजली की कोणते किती पट मोठे ते कळते. येथे डॉलर ही ती काठी.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले. मग एस्कुदो मागे घेऊन रुपये देण्यात आले, तेही सहास एक याच दराने. हा दर ठाऊक असणे किती महत्त्वाचे, पाहा. समजा, दमणातल्या एका म्हातारीच्या गाठोड्यात १८० एस्कुदो आहेत. सरकारी दराने तिचे ३० रुपये झाले. पण कोणी गोड बोलून सातास एक असा भाव लावला, तर हाती २५ रुपये ७१ पैसेच येतील. चार रुपये २९ पैसे गेले, आणि गेले हे तिला कळलेसुद्धा नाही. अडाणीपणाचा बट्टा सर्वांत जबर असतो, तो असा.

नोटा बदलून मिळाल्या, पण सारेच हिशेब इतक्या लवकर मिटले नाहीत. गोव्यातील अनेक कुटुंबांनी पोर्तुगीज बँकेत दागिने गहाण ठेवले होते. ते सोने बँकेने लिस्बनला नेले आणि १९९१ साली, म्हणजे तीस वर्षांनी, भारतात परत आले. रुपया-एस्कुदोचा भाव कागदावर ठरतो. पण आपली ठेव कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्याहून मोठा ठरतो.

आणखी एक. ‘सहास एक’ हा काही विधिलिखित दर नव्हता. ६ जून १९६६ रोजी रुपया पुन्हा उतरवला आणि डॉलरला साडेसात रुपये पडू लागले. एस्कुदो होता तेथेच होता. २८.७५ ला ७.५० ने भागा, उत्तर ३.८३ येते. म्हणजे पाच वर्षांच्या आत एका रुपयाचे सहाऐवजी चारसुद्धा एस्कुदो येईनात. पुढे २००२ साली खुद्द पोर्तुगालातही एस्कुदो जाऊन युरो आला.

तेव्हा गुरुजनहो, त्रैराशिक शिकवताना हे आकडे जरूर घ्या. गावात कोणाकडे जुनी रुपिया असेल, तर ती रुपयाशेजारी ठेवून मुलांना दाखवा. आणि बंधूंनो, आज तुमच्या घरचा मुलगा परदेशी नोकरीला असेल आणि पैसे धाडीत असेल, तर दोनच गोष्टी विचारा : आजचा दर काय, आणि वटणावळ किती कापली? हे विचारण्यात कमीपणा नाही. कष्ट आपले, तर हिशेबही आपल्यालाच ठाऊक हवा.