सोळा मात्रांची परीक्षा

ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. कथकच्या वर्गात पहिल्याच दिवशी कानावर पडणारे हे आठ बोल. पहिले चार उजव्या पायापासून सुरू होतात, पुढचे चार डाव्यापासून. उजवा-डावा-उजवा-डावा, मग डावा-उजवा-डावा-उजवा. नीट पाहिलं तर चौथा आघात डाव्या पायाचा आहे आणि पाचवाही डाव्याचाच. आयुष्यभर एकाआड एक पाय टाकत चाललेल्या माणसाला त्या सांध्यावर त्याच पायाने पुन्हा आघात करायचा असतो. ठाय, म्हणजे संथ, लयीत ते जमून जातं. दुगुन, म्हणजे दुप्पट लय, सुरू झाली की चाळिशीतला पाय तिथेच अडखळतो, आणि परीक्षकाचं लक्षही तिथेच असतं.

पुण्यात असे चाळिशी-पन्नाशीतले पाय संध्याकाळच्या वर्गांमधून घुंगरू बांधताना दिसतात. ऑफिस सुटल्यावर, घरचं आवरून, कुडत्यावर ओढणी घट्ट कसून या बायका लहान मुलींच्या मागच्या रांगेत उभ्या राहतात. या शहरात हे घडू शकतं याला इतिहास आहे. रोहिणीताई भाटे यांनी 1947 साली इथे ‘नृत्यभारती’ सुरू केली. जयपूर आणि लखनौ या दोन्ही घराण्यांची तालीम त्यांनी घेतली होती. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर हे त्यांचे गुरू. पुढे प्रभा मराठे, मनीषा साठे, शमा भाटे यांच्या संस्थांनी तेच काम वाढवलं आणि मध्यमवर्गीय घरांत कथक हा सहज बोलण्याचा विषय झाला. लहानपणी सुटलेलं नाचणं पुन्हा हाती घ्यायचं तर दार कुठे आहे, हे पुण्यातल्या बाईला कुणाला विचारावं लागत नाही.

त्या दारातून आत गेलं की काही महिन्यांनी परीक्षेचा विषय निघतोच. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. 1931 मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज या मंडळाच्या परीक्षा गायन-वादनाप्रमाणे नृत्यातही होतात. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढत अलंकारपर्यंत जाता येतं. प्रारंभिकला बसणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला आणि बावन्न वर्षांच्या बाईला अभ्यासक्रम एकच. मला या व्यवस्थेतलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. वय मोठं म्हणून ताल छोटा होत नाही.

परीक्षेच्या खोलीत एक तबला असतो, हार्मोनियमवर सोळा मात्रांचा नगमा, म्हणजे एकच सुरावट, फिरत असतो आणि समोर परीक्षक बसलेले असतात. तीनतालाच्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. नगमा हे चक्र अखंड वाजवत राहतो. विद्यार्थिनीने त्यावर तत्कार, म्हणजे सुरुवातीच्या त्या आठ बोलांचं पदकाम, ठाय, दुगुन, चौगुन लयीत करायचा. तबल्याची गती बदलत नाही, पायांनी मात्रेचे तुकडे बारीक करायचे असतात. ठाय लयीत एका आवर्तनात सोळा आघात पडतात, दुगुनीत बत्तीस, चौगुनीत चौसष्ट. आणि आघात सोळा असोत की चौसष्ट, पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, म्हणजे सम, चुकवायची नाही.

नाचण्याइतकंच महत्त्व पढंतला असतं. तोडा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, पायाने करण्याआधी, हाताने टाळी-खाली दाखवत तोंडाने बोलायचा. इथे प्रौढ विद्यार्थिनीचं पारडं जड होतं, असं माझं ठाम मत आहे. लहान मूल अनुकरणाने तोडा उचलतं. मोठ्या माणसाला तो कसा रचला आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि कथकची रचना हा अप्रतिम हिशेब आहे. साधी तिहाई घ्या. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि शेवटचा आघात बरोबर समेवर आणायचा. तुकडा पाच मात्रांचा असेल आणि मध्ये एकेक मात्रा थांबायचं असेल, तर पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा. समेपासून सुरुवात केली की सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. आता तुकडा चार मात्रांचा केला आणि विराम तेवढेच ठेवले, तर बेरीज चौदा. सुरुवात चौथ्या मात्रेवरून केली की चौदावी मात्रा सतराव्या जागी, म्हणजे पुन्हा समेवरच येते. हे वहीत मांडायला मिनिटभर लागतं. घुंगरांच्या ओझ्यासकट, नगमा पुढे धावत असताना, ते शरीराने अचूक मोजणं ही वेगळीच बुद्धी आहे. संपूर्ण तिहाई तीनदा घेतली की चक्रदार झाला. एवढं मोजूनही चेहऱ्यावर मोजणी दिसता कामा नये.

प्रौढांना खरा घोर असतो तो चक्करांचा. कथकमध्ये टाचेवर गिरकी घेतात आणि प्रत्येक फेरीत नजर समोरच्या एकाच बिंदूवर परत आणतात. आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर थांबलं तरी तो द्रव क्षणभर फिरत राहतो, म्हणून खोली गरगरते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 साली बॅले नर्तकींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कानाकडून येणारे हे संदेश हाताळणारा लहान मेंदूतला भाग त्यांच्यात वेगळा आढळला आणि फिरून थांबल्यावर गरगरण्याची जाणीवही कमी होती. सराव मेंदूपर्यंत पोचतो, तो असा.

परीक्षेची हीच कल्पना हजारो मैलांवर, बर्फावर, स्वतंत्रपणे रुजलेली पाहिली की थक्क व्हायला होतं. अमेरिकेत आइस डान्स शिकणारे प्रौढ पायऱ्यापायऱ्यांनी परीक्षा देतात. नाच ठरलेले, प्रत्येक पावलाला किती ठोके आणि ते रिंकच्या कुठल्या भागात पडायचं हेही ठरलेलं. सुरुवातीचा डच वॉल्ट्झ मिनिटाला 138 ठोक्यांच्या लयीत होतो. परीक्षक पावलांची वेळ पाहतात, पात्याची कुठली कड बर्फावर आहे ते पाहतात आणि शरीराची ठेवणही. जोडीदार म्हणून स्वतःच्या प्रशिक्षकाला घेता येतं. तिथे 21 वर्षांपुढच्यांसाठी एक गट आहे आणि पन्नाशीपुढच्यांसाठी आणखी एक. उत्तीर्ण व्हायला लागणारे गुण या गटांना कमी ठेवले आहेत, पण नाचातलं एकही पाऊल गाळलेलं नाही. आपल्या परीक्षेत ती सवलत नाही, आणि मला आपली रीत अधिक आवडते. तरी नाच पूर्णच करायचा, हा आग्रह दोन्हीकडे सारखा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

बर्फावरच्या या नाचांमध्ये ‘किलियन’ नावाचा एक आहे. कार्ल श्रायटर यांनी तो 1909 साली व्हिएन्नात रचला. जोडी शेजारी-शेजारी, अगदी चिकटून, वेगाने सरकते आणि चौदा पावलांत संगीताचे सोळा ठोके पुरे करते. तीनताल पाठ असलेल्या कुणालाही हा हिशेब टाळी देत बोलून पाहता येईल: तिसरं आणि चौथं पाऊल दोन-दोन मात्रांचं, उरलेली बारा एकेका मात्रेची, आणि पुढचं पहिलं पाऊल समेवर.