चांद्रवीरांची सही आणि यंत्राचा हात

दोन सह्या रेघेला रेघ जुळल्या, तर त्यांतली निदान एक हाताने केलेली नाही. खरेदीखतांवरच्या सह्या पडताळणाऱ्याला हे ठाऊक असते. अंतराळवीरांच्या सह्यांनाही हीच कसोटी लागते.

जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, ऑक्टोबरात कॉलिन्ससह तिघेही मुंबईला येऊन गेले. आमच्या शिरड शहापुरातल्या एका निवृत्त गुरुजींनी त्या भरात अमेरिकेला पत्र धाडले आणि आर्मस्ट्राँगच्या सहीचे छायाचित्र टपालाने आले. आता नातीच्या शिक्षणासाठी ते विकावे, असे घरात चालले आहे. म्हणून ते माझ्याकडे आले.

पत्रांचा ढीग एवढा, की नासात सह्यांसाठी ऑटोपेन वापरत. मूळ सहीवरून एक साचा कापतात, त्याच्या कडेने यंत्राचा दांडा फिरतो आणि दुसऱ्या टोकाचे पेन तीच सही उमटवते. माणूस वळणावर रेटतो, शेवटी हात उचलता उचलता रेघ बारीक होते. यंत्राची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. पेन टेकते तिथे आणि थांबते तिथे शाईचा ठिपका साचतो. सरळ रेघेत बारीक थरथर दिसते, ती म्हाताऱ्या हाताची नव्हे, दांड्याची. दहापट भिंग पुरते.

खात्री मात्र जुळवणीनेच होते. सहीची त्याच मापाची प्रत पारदर्शक कागदावर काढा आणि ज्ञात साच्याच्या नमुन्यावर ठेवून फिरवून पाहा, कारण कागद यंत्राखाली तिरपा ठेवलेला असू शकतो. मधेच कागद सरकला असेल तर अर्धी सही जुळते, अर्धी बाजूला जाते. एकाच माणसाचे साचेही अनेक असत. त्यामुळे एकाशी जुळली नाही म्हणून सही हातची ठरत नाही.

गुरुजींची सही जुळली. तसे मी स्पष्ट सांगितले. याला मी फसवणूक म्हणणार नाही. छायाचित्र नासानेच पाठवलेले, पाकीटही जपलेले. पण हातची म्हणून विकले, तर ती फसवणूक होईल. १९९४ पासून आर्मस्ट्राँगने सह्या देणेच बंद केले, तेव्हा खऱ्या-खोट्यातली तफावत मोठी आहे.

निःशंक सह्या हव्या असतील तर उड्डाणापूर्वीची पाकिटे पाहावीत. आयुर्विमा परवडेना, म्हणून अपोलो-११ च्या तिघांनी ती सह्या करून घरच्यांसाठी मागे ठेवली होती. तिथेही आधी पाकीट कुणाच्या घरातून आले, ते विचारावे. भिंग नंतर.