गाळप, उतारा आणि पडद्यावरील आकडे

व्यवसायाची सद्यःस्थिती एका दृष्टिक्षेपात कळावी म्हणून निवडक आकडे एकाच पडद्यावर मांडणाऱ्या व्यवस्थेला डॅशबोर्ड म्हणतात. सॉफ्टवेअर विकत घेतले आणि हाती असलेला प्रत्येक आकडा रंगीत वर्तुळांत बसवला की डॅशबोर्ड तयार झाला, अशी समजूत अनेक कार्यालयांत आढळते. परंतु पडद्यासमोर बसणाऱ्या व्यक्तीला कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे ठरल्याशिवाय त्यावर काय असावे आणि काय नसावे, हे ठरवता येत नाही. महाराष्ट्रातील साखर कारखाना हे या विषयाचे बोलके उदाहरण आहे, कारण तेथे दैनिक गाळप अहवालाची रीत संगणकाच्या आधीपासून रुळलेली आहे आणि गाळप व उतारा हे शब्द कारखान्याच्या कचेरीइतकेच गावच्या पारावरही चर्चेत असतात.

एकाच कारखान्यात निर्णय घेणारे अनेक असतात आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे असते. ऊस तोडल्यानंतर त्यातील साखर घटू लागते, म्हणून तो शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा असा प्रयत्न असतो. त्यामुळे शेतकी अधिकाऱ्याला कोणत्या गटात किती तोडणी टोळ्या आहेत, यार्डात किती वाहने उभी आहेत आणि त्यांतील सर्वांत जुने वाहन किती तासांपूर्वी आले, हे दर तासाला समजले पाहिजे. चीफ केमिस्टचे लक्ष बगॅस, प्रेसमड आणि मळी यांतून वाया जाणाऱ्या साखरेवर असते आणि त्याला पाळीनिहाय आकडे पुरतात. चीफ इंजिनिअरला गिरणी किती वेळ बंद राहिली यापेक्षा ती ऊस नसल्यामुळे बंद राहिली की यंत्र बिघडल्यामुळे, हे कळणे महत्त्वाचे असते. संचालक मंडळाला मात्र उत्पादन खर्च, थकलेली ऊस बिले, गोदामातील साठा आणि बँकेचे देणे यांचे पाक्षिक किंवा मासिक चित्र हवे असते. या सर्वांसाठी एकच पडदा करण्याचा मोह काटकसरीचा वाटतो, पण त्यातून असा पडदा तयार होतो की जो सर्वांना दाखवता येतो आणि कोणालाच वापरता येत नाही. म्हणून नियोजनाच्या बैठकीत प्रत्येक आकड्याबाबत, तो बदलला तर कोण काय करणार, असा प्रश्न विचारावा आणि उत्तर नसेल तर तो आकडा वगळावा. अर्थात, वगळण्याजोग्या आकड्यासाठीच बैठकीतील कोणीतरी हट्ट धरून बसलेले असते, हेही खरे.

निवड झाली की व्याख्येचा प्रश्न येतो आणि तो मांडणीच्या प्रश्नापेक्षा कितीतरी अवघड असतो. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या तुलनेत मिळालेल्या साखरेचे टक्क्यांतील प्रमाण म्हणजे उतारा, म्हणजेच १० टक्के उतारा असेल तर एक टन उसापासून १०० किलो साखर मिळाली, इतके हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ऊस गव्हाणीत पडल्यापासून साखर पोत्यात जाईपर्यंत बराच माल रस, पाक आणि अर्धवट स्फटिकांच्या रूपात टाक्यांमध्ये व पॅनमध्ये असतो, त्यामुळे एका दिवसाचा उतारा हा काही अंशी अंदाजच असतो आणि आजअखेरचा सरासरी उतारा त्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतो. शिवाय इथेनॉलसाठी बी-हेवी मळी, म्हणजे अजून काढता येण्याजोगी साखर शिल्लक असलेली मळी, बाजूला काढणाऱ्या कारखान्याचा पोत्यांवरून मोजलेला उतारा साधारण दीड टक्क्याच्या आसपास कमी दिसतो. तो कारखाना अकार्यक्षम असतो असे नाही, त्याने साखरेऐवजी इथेनॉल निवडलेले असते. दोन कारखान्यांचे उतारे शेजारीशेजारी दाखवणाऱ्या पडद्यावर हा फरक जुळवून घेतलेला नसेल, तर मांडणी कितीही देखणी असली तरी तुलना खोटी ठरते. हा वाद केवळ शास्त्रीय नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजेच एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला प्रतिक्विंटल ३५५ रुपये ठरवली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ दिली, त्यामुळे उताऱ्याच्या व्याख्येवर शेतकऱ्याच्या बिलातील पैसे अवलंबून असतात.

एकट्या आकड्याला अर्थ तुलनेतून मिळतो, पण ती तुलना कशाशी करावी याचा विचार क्वचितच होतो. उतारा हंगामाच्या आरंभी कमी असतो, थंडीत वाढत जातो आणि ऊन तापू लागले की पुन्हा उतरतो; म्हणून नोव्हेंबरातील उताऱ्याशेजारी संपूर्ण हंगामाचे उद्दिष्ट लिहिले तर पडदा महिनाभर विनाकारण लाल राहतो आणि पाहणाऱ्याला त्या लाल रंगाची सवय होऊन जाते. मागील हंगामात गाळप सुरू झाल्यापासून तितक्याच दिवसांनी किती उतारा होता, ही तुलना येथे अधिक न्याय्य आहे.

आकडा नेमका कोठून आला, याची हेळसांड किती महागात पडू शकते, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दिसून आले. दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकली होती, परंतु नियंत्रण फलकावरील दिवा झडपेची स्थिती दाखवत नसून तिला बंद होण्याचा विद्युत संदेश गेला एवढेच दाखवत होता. कर्मचाऱ्यांनी झडप बंद झाली असे मानले आणि दोन तासांहून अधिक काळ शीतलक पाणी निसटत राहिले. पहिल्या काही मिनिटांत शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या, त्यांत महत्त्वाची कोणती हे कळेना आणि सूचना छापणारा प्रिंटर तर तासाहून अधिक मागे पडला. कारखान्याच्या पडद्यावर ‘ऊस बिले अदा’ असा आकडा झळकतो तेव्हा बँकेकडे यादी पाठवली असा त्याचा अर्थ आहे की शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा झाली असा, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या क्षणाचा आहे हे लिहिले पाहिजे आणि धोक्याच्या सूचना इतक्या मोजक्या असाव्यात की एखादी आली तर माणूस खुर्चीतून उठेल.

चित्रांच्या निवडीबाबत मात्र फारसे गूढ उरलेले नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार समान पट्टीवरील स्थान माणूस सर्वांत अचूक ओळखतो, लांबीतही तो फारसा चुकत नाही, कोन व क्षेत्रफळ यांत अधिक चुकतो. म्हणून मोटारीच्या वेगमापकासारख्या तबकड्यांपेक्षा साधे स्तंभ आणि रेषा उपयोगी पडतात. स्तंभाची लांबीच वाचली जात असल्यामुळे त्याची पट्टी शून्यापासून सुरू व्हावी लागते. पण ८ ते १२ टक्क्यांत फिरणाऱ्या उताऱ्याची रेषा शून्यापासून काढली तर तिचे चढउतार दिसेनासे होतात. लाल व हिरवा हा भेद अनेक पुरुषांना नीट दिसत नाही, तेव्हा रंगाबरोबर बाण किंवा शब्दही द्यावा.

एक धोका मात्र चांगल्या रचनेतही टिकून राहतो. मोठ्या अक्षरांत केवळ रोजचे गाळप दाखवले आणि त्यावरच शाबासकी मिळू लागली, तर गिरणी चालू ठेवण्यासाठी अपक्व ऊसही तोडला जातो आणि त्याचा परिणाम उताऱ्यावर उमटतो, म्हणून हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर न ठेवता एकमेकांशेजारी ठेवावेत. कोणते आकडे खरोखर पाहिले गेले आणि कोणते पाहून कोणीच काही केले नाही, याची नोंद हंगामभर ठेवावी, म्हणजे गिरणी उघडून दुरुस्तीला घेतली जाते त्या पावसाळी महिन्यांत पडद्यावरील निरुपयोगी आकडेही त्याच यादीनुसार काढून टाकता येतात.